दुसऱ्या देशात राहायला जाताना स्वतःची मोटारगाडी सोबत कशी न्यावी

दुसऱ्या देशात कायमचे राहायला जायचे ठरले की पलंग, कपाटे, पुस्तके यांचा निर्णय लवकर होतो. गाडीचा मात्र होत नाही. तिचे हप्ते नुकतेच फिटलेले असतात, किंवा बारा-पंधरा वर्षांच्या सहवासाने ती घरातलीच झालेली असते. गाडी जहाजाने पाठवणे हे आज फारसे अवघड काम राहिलेले नाही, वाहतूक कंपन्यांचा तो नित्याचा व्यवसाय आहे. अवघड असते ते नव्या देशाच्या रस्त्यावर तिला कायद्याने धावू देणे. म्हणून या लेखातील पायऱ्यांचा क्रम मुद्दाम शेवटच्या टोकापासून लावला आहे: आधी जिथे पोहोचायचे तिथले नियम, मग खर्चाचा हिशेब, मग कागदपत्रे आणि त्यानंतर जहाज. हा क्रम चुकला तर गाडी बंदरात पोहोचते पण बंदराबाहेर पडत नाही, आणि तिथे उभ्या असलेल्या गाडीचे भाडे रोज चढत राहते.

पहिली पायरी: गाडीला प्रवेश मिळणार आहे का, ते तपासा

प्रवेश नाकारण्याची कारणे मुख्यतः तीन असतात: गाडीचे वय, स्टीअरिंगची बाजू आणि गाडी ज्या मानकांनुसार बनली ती मानके. वयाच्या बाबतीत देशोदेशीचे धोरण परस्परविरोधी असते. केनियात आठ वर्षांहून जुनी गाडी आणता येत नाही आणि स्टीअरिंग उजवीकडेच असावे लागते. सौदी अरेबियात प्रवासी गाडीसाठी मर्यादा पाच वर्षांची आहे. उलट अमेरिका आणि कॅनडा येथे जुनी गाडी नेणे सोपे असते आणि नवी नेणे कठीण. तिथल्या सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडी अमेरिकेत पंचवीस वर्षांची झाल्यावर आणि कॅनडात पंधरा वर्षांची झाल्यावर त्या मानकांतून सुटते. अमेरिकेत धुरासंबंधीच्या नियमांची सूट वेगळी मोजली जाते आणि ती एकवीस वर्षांनी मिळते. जी गाडी या वयाची झालेली नाही आणि तिथल्या बाजारासाठी बनलेलीही नाही, ती केवळ ‘मी स्थलांतर करतो आहे’ या कारणावर कायमची आत घेतली जात नाही.

हे तपासण्यासाठी कोणाला विचारण्याआधी गाडीपाशी जावे. चालकाच्या बाजूचे दार पूर्ण उघडले की दाराच्या कडेवर किंवा त्यासमोरच्या खांबावर, बिजागरीच्या किंवा कुलपाच्या जवळपास, निर्मात्याची एक छोटी पट्टी चिकटवलेली दिसते. तिच्यावर निर्मितीचा महिना व वर्ष, वाहनाचा ओळख क्रमांक आणि वजनाच्या मर्यादा असतात. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीवर त्याच पट्टीवर, हे वाहन निर्मितीच्या तारखेला लागू असलेल्या सर्व संघीय सुरक्षा मानकांची पूर्तता करते, असे एक वाक्य छापलेले असते. त्याच नावाच्या, त्याच रंगाच्या, पण दुसऱ्या बाजारासाठी बनलेल्या गाडीवर ते वाक्य नसते, आणि सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्या दोन गाड्या सर्वस्वी भिन्न ठरतात. या पट्टीचा स्पष्ट फोटो आजच काढून ठेवावा. पुढे प्रत्येक अर्जासोबत तो लागतो.

युरोपात हेच काम ‘सर्टिफिकेट ऑफ कन्फर्मिटी’ या दस्तऐवजाने होते. गाडी युरोपीय मान्यतेनुसार बनली असल्याचे निर्माता त्यात लेखी सांगतो. गाडीसोबत तो मिळालेला नसेल तर निर्मात्याच्या प्रतिनिधीकडून ओळख क्रमांकाच्या आधारे मागवता येतो, मात्र युरोपासाठी न बनलेल्या गाडीचा मिळत नाही. अशा गाडीची स्वतंत्रपणे, त्या एकाच गाडीपुरती तपासणी करून घ्यावी लागते. दिव्यांच्या काचेवर वर्तुळात कोरलेले इंग्रजी ‘ई’ अक्षर आणि त्यापुढचा अंक ही त्या भागाच्या मान्यतेची खूण असते, तिच्यावरूनही बराच अंदाज येतो.

ऑस्ट्रेलियाचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा, कारण तिथे चुकीच्या क्रमाची शिक्षा फार कडक आहे. २०१८ च्या रोड व्हेइकल स्टँडर्ड्स कायद्यानुसार गाडी आणण्यापूर्वी आयात मंजुरी घ्यावी लागते. वैयक्तिक आयातीच्या सवलतीसाठी ती गाडी परदेशात सलग किमान बारा महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली असावी लागते. मंजुरीचा कागद हातात येण्याआधी गाडी जहाजावर चढवू नये, मग एजंट कितीही निश्चिंत असो. शिवाय ३१ डिसेंबर २००३ पासून तिथे ॲस्बेस्टॉस असलेली कोणतीही वस्तू आयात करता येत नाही, आणि जुन्या गाड्यांच्या ब्रेक पॅडमध्ये, क्लच प्लेटमध्ये व गॅस्केटमध्ये ते असण्याची शक्यता दाट असते. ‘नसेल बहुतेक’ हे उत्तर तिथे चालत नाही. भाग बदलल्याचा किंवा प्रयोगशाळेत तपासल्याचा पुरावा द्यावा लागतो.

दुसरी पायरी: शुल्काची आकडेमोड आणि स्थलांतराची सवलत

सवलत नसेल तर कर किती पडतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. चलन कोणतेही असो, गाडीची किंमत १०० धरू आणि जहाजभाडे व विमा मिळून १५. युरोपीय संघात सीमाशुल्कासाठी मूल्य धरताना हा वाहतूकखर्चही मिळवला जातो, म्हणजे मूल्य ११५ झाले. प्रवासी गाडीवरील सर्वसाधारण आयात शुल्क १० टक्के, म्हणजे ११.५, बेरीज १२६.५. मूल्यवर्धित कर या बेरजेवर लागतो, मूळ किमतीवर नव्हे; तो २० टक्के धरला तर २५.३ होतो. एकूण कर ३६.८, म्हणजे गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. जहाजभाडे वेगळे.

हाच भार स्थलांतरामुळे पूर्णपणे टळू शकतो, आणि माझ्या मते गाडी नेण्या-न नेण्याचा निर्णय बहुतेकांच्या बाबतीत येथेच होतो. युरोपीय संघाबाहेरून तिथे राहायला जाणाऱ्याला २००९ च्या ११८६ क्रमांकाच्या नियमावलीनुसार घरगुती सामानाबरोबर खासगी गाडीवरही शुल्कमाफी मिळते. मूल्यवर्धित करासाठी तशीच वेगळी तरतूद आहे. अटी अशा: स्थलांतरापूर्वी सलग किमान बारा महिने तुम्ही संघाबाहेर राहिलेले असावे, गाडी जुने वास्तव्य सोडण्यापूर्वी किमान सहा महिने तुमच्या ताब्यात व वापरात असावी, नवे वास्तव्य सुरू झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत ती आणावी, आणि आणल्यानंतर बारा महिने ती विकू नये, भाड्याने वा उसनी देऊ नये, गहाणही ठेवू नये. ब्रिटनमधील सवलतीच्या अटी बऱ्याच अंशी अशाच आहेत. तिथे तिच्यासाठी आधी अर्ज करून मंजुरीचा क्रमांक मिळवावा लागतो आणि तो क्रमांक सीमाशुल्काच्या कागदांवर घालावा लागतो.

या अटींतून एक व्यावहारिक धडा निघतो. ‘तिकडे महाग पडेल, म्हणून निघण्याआधी इथेच नवी गाडी घेऊन टाकू’ असा विचार अनेक कुटुंबे करतात, आणि सहा महिन्यांच्या अटीत अडकून पूर्ण कर भरतात. मालकी आणि वापर या दोन वेगळ्या अटी आहेत, हेही लक्षात ठेवावे. वापराचा पुरावा म्हणून तुमच्या नावाची विमा पॉलिसी, सर्व्हिसिंगची बिले आणि त्यांवर नोंदलेले किलोमीटरचे आकडे उपयोगी पडतात. ही बिले रद्दीत टाकली असतील तर सर्व्हिस सेंटरकडून जुन्या नोंदींची प्रत मागून घ्यावी.

आयात शुल्क माफ झाले म्हणजे सर्व कर माफ झाले, असे मात्र नाही. नोंदणीकर हा वेगळा असतो आणि तो प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने आकारतो. डेन्मार्कमध्ये तर तोच खर्चाचा सर्वांत मोठा भाग ठरू शकतो.

तिसरी पायरी: न्यावी की विकावी

कागदावर प्रवेश मिळतो आणि शुल्कही माफ होते, तरीही गाडी विकणे शहाणपणाचे असू शकते. स्टीअरिंग चुकीच्या बाजूला असेल तर अनेक देशांत ते कायद्याला चालते, पण पुढच्या अवजड वाहनाला मागे टाकताना समोरून काय येते आहे ते चालकाला दिसत नाही आणि शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांवर विसंबावे लागते. एकट्याने दूरच्या प्रवासाला जाणाऱ्याने हा धोका गांभीर्याने घ्यावा. ते मॉडेल नव्या देशात विकलेच जात नसेल तर साध्या बंपरसाठीही आठवडे वाट पाहावी लागते. अत्याधुनिक डिझेल गाडीला अत्यल्प गंधकाचे इंधन लागते; ते जिथे सर्वत्र मिळत नाही, तिथे तिचा धूर गाळणारा फिल्टर लवकर निकामी होतो.

विजेवर चालणाऱ्या गाडीचा विचार तर आणखी बारकाईने करावा. जलद चार्जिंगची जोडणी उत्तर अमेरिकेत एक, युरोपात दुसरी आणि चीनमध्ये तिसरीच असते. जोडणीचे तोंड बदलणारे ॲडॅप्टर सर्वच गाड्यांना चालतात असे नाही. नकाशे, मोबाइल ॲप आणि सॉफ्टवेअरची अद्ययावतता ही गाडी ज्या प्रदेशासाठी बनली त्याच्याशी बांधलेली असते. बारीकसारीक गोष्टीही तपासाव्यात: जपानच्या अंतर्गत बाजारासाठी बनलेल्या गाडीचा एफएम रेडिओ ७६ ते ९५ मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकू येतो, तर इतर बहुतेक देशांत केंद्रे १०८ पर्यंत पसरलेली असतात.

गाडी न्यावीच, असे मी दोन प्रसंगी आग्रहाने सांगेन. पहिला, अपंग व्यक्तीसाठी बदल केलेली गाडी: हाताने चालवायचे ब्रेक व ॲक्सिलरेटर, चाकाच्या खुर्चीचा उतार, शरीराच्या मापाने बसवलेली आसने. हे सारे नव्याने जमवायला महिनोन्महिने लागतात, आणि तोपर्यंत त्या माणसाचे बाहेर पडणे थांबते. दुसरा प्रसंग म्हणजे शुल्कमाफी मिळत असताना, स्टीअरिंगची बाजू जुळत असताना आणि तेच मॉडेल नव्या देशात सर्रास विकले जात असताना.

चौथी पायरी: कागदपत्रे

गाडीवर बँकेचा बोजा असेल तर सर्वांत आधी तो उतरवावा किंवा बँकेचा लेखी ना हरकत दाखला घ्यावा. त्याशिवाय बहुतेक ठिकाणी गाडी देशाबाहेर जाऊ दिली जात नाही. नोंदणी प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि व्हिसा यांवरील नाव अक्षरशः एकच असावे. लग्नानंतर बदललेले आडनाव किंवा वडिलांचे गाळलेले नाव बंदरात आठवडाभर खोळंबा करू शकते. गाडी पती-पत्नीपैकी एकाच्या नावावर आणि स्थलांतराचा परवाना दुसऱ्याच्या नावावर असेल, तर ही गुंतागुंत निघण्याच्या कितीतरी आधी सोडवावी.

ओळख क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. १७ अक्षर-अंकांच्या या क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गल्लत करतात. त्यामुळे एखाद्या कागदावर क्रमांकात ‘ओ’ लिहिलेला आढळला तर ती लेखनिकाची चूक आहे असे खुशाल समजावे आणि ती दुरुस्त करून घ्यावी. जपानच्या अंतर्गत बाजारातील गाड्यांचा चॅसिस क्रमांक मात्र याहून लहान असतो. सतरा रकाने भरण्यासाठी त्यात मनाने शून्ये घालू नयेत.

यानंतर जुन्या देशातील नोंदणी निर्यातीसाठी रद्द करून त्याचा दाखला घ्यावा. ही पद्धत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. अमेरिकेतून स्वतः चालणारे वापरलेले वाहन बाहेर नेताना त्याचा मालकीहक्काचा दस्तऐवज निर्यातीच्या किमान ७२ तास आधी सीमाशुल्क विभागाकडे सादर करावा लागतो. ब्रिटनमध्ये नोंदणीपुस्तिकेचा कायमच्या निर्यातीचा भाग भरून पाठवावा लागतो. जुन्या विमा कंपनीकडून, इतकी वर्षे दावा केलेला नाही, असे पत्रही मागून घ्यावे. नवा देश ते मानेलच असे नाही, पण मानले तर हप्त्यात मोठा फरक पडतो, आणि देश सोडल्यावर ते मिळवणे त्रासाचे होते.

प्रवासी पर्यटक ज्या कागदाने गाडी सीमापार नेतात, तो ‘कार्ने द पासाज’, तात्पुरत्या प्रवेशासाठी असतो. गाडी ठरलेल्या मुदतीत परत बाहेर नेण्याची ती हमी असते. कायमच्या स्थलांतरासाठी तो वापरू नये.

पाचवी पायरी: रो-रो की कंटेनर

रो-रो जहाजात गाडी चालवतच पोटात नेतात आणि मजल्यांवर बांधून ठेवतात. ही पद्धत सहसा स्वस्त पडते, पण गाडीत वैयक्तिक सामान ठेवू देत नाहीत, किल्ली कंपनीकडे द्यावी लागते आणि वाटेत अनेक हात गाडीला लागतात. कंटेनरमध्ये गाडी एकदा बांधून सील केली की मुक्कामापर्यंत ती कोणी हलवत नाही. वीस फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५.९ मीटर व रुंदी सुमारे २.३५ मीटर असते, त्यामुळे एक मध्यम गाडी त्यात नीट बसते. मात्र आत नेणाऱ्याला दार उघडून बाहेर पडायला किती जागा उरते, याचाही विचार गाडीची रुंदी मोजताना करावा. घरचे सामान जाणारच असेल, तर चाळीस फुटी कंटेनरमध्ये गाडी आणि सामान एकत्र नेणे अनेकदा परवडते. त्यातही प्रत्येक वस्तूची यादी द्यावी लागते. न नोंदलेली एक पेटी डिकीत सापडली तर पूर्ण कंटेनर तपासणीसाठी उघडला जाऊ शकतो.

सहावी पायरी: सागरी विमा

येथे काटकसर करू नये, असे मनापासून सांगतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे ४,००० गाड्या घेऊन निघालेल्या ‘फेलिसिटी एस’ या जहाजाला अझोर्स बेटांजवळ आग लागली आणि १ मार्चला ते बुडाले. अशी दुर्घटना विरळा असली तरी ती घडते.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे ‘जनरल ॲव्हरेज’. जहाज आणि त्यावरील सर्व माल वाचवण्यासाठी मुद्दाम काही नुकसान पत्करावे लागले किंवा असाधारण खर्च करावा लागला, तर तो केवळ जहाजमालकाने सोसायचा नसतो. ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी आपापल्या मालाच्या मूल्याच्या प्रमाणात वाटून घ्यायचा असतो. सुएझ कालव्यात २३ मार्च २०२१ रोजी अडकलेले ‘एव्हर गिव्हन’ २९ मार्चला सुटले, त्यानंतर मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केले. अशा वेळी तुमच्या गाडीला साधा ओरखडा नसला, तरी हमी किंवा अनामत भरल्याशिवाय ती ताब्यात मिळत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. नसेल तर ती रक्कम स्वतः उभी करावी लागते. म्हणून पॉलिसी घेताना ती केवळ गाडी पूर्ण नष्ट झाल्यासच भरपाई देते की ओरखडे, पोचे आणि जनरल ॲव्हरेजही तिच्यात येतात, हे लेखी विचारून घ्यावे.

सातवी पायरी: गाडीची तयारी

गाडी स्वच्छ करणे हे येथे शोभेचे काम नसते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे मातीचा गोळा, गवताचे बी किंवा कोळ्याचे जाळे आढळले तरी गाडी तुमच्या खर्चाने पुन्हा धुतली जाते. चाके काढून मडगार्डच्या आतल्या वाटीतील चिखल खरवडून घ्यावा. बॉनेट उघडून काचेच्या वायपरखालच्या खाचेत साचलेला पाला काढावा, तिथे हात जात नाही म्हणून तो वर्षानुवर्षे कुजत राहिलेला असतो. स्टेपनी उचलून तिच्या खोबणीतील वाळू व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. ठरावीक देशांतून १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात या दोन देशांकडे निघणाऱ्या वाहनांवर ढेकणासारख्या एका विशिष्ट किडीच्या प्रतिबंधासाठी उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया करावी लागते. शक्य असेल तर हा काळ टाळून गाडी पाठवावी.

टाकीत इंधन पाव किंवा त्याहून कमी ठेवावे. टोलचे स्टिकर आणि गॅरेजच्या दाराचे रिमोट काढून घ्यावेत. अलार्म बंद करण्याची रीत कागदावर लिहून द्यावी. गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी भरपूर उजेडात चारही बाजूंचे, छताचे, काचांचे आणि प्रत्येक चाकाच्या रिमचे फोटो काढावेत, आणि किलोमीटरचा आकडा दिसेल असा डॅशबोर्डचाही एक घ्यावा. आधीचे ओरखडे लपवू नयेत, उलट त्यांचे जवळून फोटो घ्यावेत.

आठवी पायरी: बंदरातून रस्त्यावर

जहाज लागण्यापूर्वीच क्लिअरिंग एजंट, म्हणजे सीमाशुल्काचे सोपस्कार पार पाडणारा प्रतिनिधी, नेमलेला असावा आणि बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल मिळाल्याची जहाज कंपनीची पावती, त्याच्यापर्यंत पोहोचलेले असावे, कारण बंदरात विनाशुल्क मिळणारे दिवस मोजकेच असतात आणि ते संपल्यावर डेमरेज, म्हणजे उभ्या गाडीचे रोजचे भाडे, सुरू होते. गाडी हाती येताच पावतीवर सही करण्याआधी सोबतचे फोटो समोर ठेवून ती पाहावी आणि नवे नुकसान त्या पावतीवरच लिहून घ्यावे. घरी नेऊन दुसऱ्या दिवशी कळवलेल्या पोच्याचा दावा टिकवणे फार कठीण जाते.

त्यानंतर तांत्रिक बदल. वाहतूक रस्त्याच्या ज्या बाजूने चालते, त्या बाजूच्या कडेकडे हेडलाइटचा खालचा झोत किंचित वर उचललेला असतो. बाजू बदलली की तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. काचेवर चिकटवायच्या पट्ट्या फक्त तात्पुरत्या प्रवासासाठी ठीक असतात, नोंदणीसाठी बहुधा दिवेच बदलावे लागतात. अमेरिकेत मागचे इंडिकेटर लाल चालतात, युरोपात ते पिवळसर नारिंगीच हवेत. ब्रिटनमध्ये मागे धुक्याचा दिवा लागतो आणि वेगमापकावर मैल दिसावे लागतात. तिथे गाडी आल्यापासून १४ दिवसांच्या आत कर विभागाला कळवणेही बंधनकारक आहे.

तपासणी, विमा, नोंदणी आणि नवी नंबरप्लेट, हा क्रम सर्वसाधारणपणे सगळीकडे असतो. मात्र तपासणी केंद्रापर्यंत गाडी चालवत नेण्यापुरताही विमा लागतो हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. तो मिळत नसेल तर गाडी ट्रेलरवर न्यावी. सवलतीवर गाडी आणली असेल, तर सीमाशुल्काचा मंजुरीचा कागद नोंदणी प्रमाणपत्राच्या सोबतच ठेवावा. बारा महिन्यांच्या आत गाडी विकण्याची वेळ आलीच, तर आधी सीमाशुल्क कार्यालयाला कळवून माफ झालेले शुल्क भरावे आणि मगच खरेदीदाराला किल्ली द्यावी.